गर्दीची हजेरी घेणाऱ्या सोनवणे बाई

सोनवणे बाई गेल्या तो दिवस पाण्याचा होता. आमच्या गारखेड्यात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. आठवड्यातून एकदा नळ येतो. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, घरातली भांडणं पुढे ढकलली जातात आणि रडायचं असलं तरी आधी मोटर बंद करावी लागते. सकाळी मनीषाचा, म्हणजे बाईंच्या मुलीचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात पाइप होता आणि दुसऱ्या हातात बादली. फोन बायकोनंच माझ्या कानाला लावला. "काका, आई गेली. झोपेतच..." एवढंच ती म्हणाली. मी किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. हौद भरून अंगणात पाणी वाहायला लागलं, तेव्हा बायकोनं पाइप काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. हितलं मी बघते." सगळी गल्ली दारात बादल्या घेऊन उभी होती, त्यामुळे बातमी सांगायला कुणाकडे जावं लागलं नाही. अर्ध्या तासात सगळे बाईंच्या घरी. ऐंशी पार केलेल्या बाईंनी जायला दिवससुद्धा सगळे घरी सापडतील असाच निवडला, असं आम्ही डोळे पुसत एकमेकांना सांगत होतो आणि हसतही होतो. बाईंना ते आवडलं असतं.

तिसऱ्या दिवशी दादांच्या कार्यालयातून फोन आला. दादा म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते आधीच पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे... बसथांब्यावर, बागेतल्या बाकड्यांवर, स्मशानातल्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा. फोनवरचा कार्यकर्ता म्हणाला, "दादांची इच्छा आहे, बाईंची शोकसभा लई मोठी व्हायला पाहिजे. मैदान, मंडप, खुर्च्या, सगळं आमच्याकडं. निमंत्रक म्हणून तुमचं नाव टाकतो, फोटो पाठवून द्या." मी "विचारून कळवतो" म्हणालो. लगेच नाही म्हणायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, फ्लेक्सवर माझा फोटो चांगला येतो. शिवाय दादा, बाई आणि मी यांचं एक जुनं प्रकरण आहे. ते सांगितल्याशिवाय बाई कोण होत्या हे सांगता येणार नाही, आणि सांगायचं तर मला माझीच लाज चव्हाट्यावर मांडावी लागते. चार वर्षं मी ते टाळत आलो आहे.

माझं गुलमंडीवर कापडाचं दुकान आहे. बाईंची पहिली भेट तिथलीच. तेव्हा त्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. गणवेशाचं कापड घ्यायला आल्या, मी मोजून फाडायला घेतलं तर म्हणाल्या, "थांबा. मीटर दाखवा तुमचा." पिशवीतून शाळेची फूटपट्टी काढली आणि माझ्या लोखंडी मीटरला लावली. मीटरचं टोक झिजलेलं होतं. वडिलांच्या काळापासून तो मीटर दुकानात, आणि त्याला असं कुणी कधी पट्टी लावली नव्हती. मी चिडलो. म्हणालो, "बाई, गुलमंडीवर आमचं नाव आहे." त्या म्हणाल्या, "नाव चांगलंच आहे हो. मीटर झिजलाय." पुढच्या आठवड्यात नवा मीटर घेऊन मी त्यांना दाखवायला मुद्दाम शाळेत गेलो. त्यांनी तोही मोजला, मग चहा पाजला. तिथून आमचा घरोबा झाला, आणि निवृत्तीनंतर त्या आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायला आल्या, तेव्हा बायको म्हणाली, आता तुम्हाला घरबसल्या मोजतील.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाणी आठवड्याचं दहा दिवसांवर गेलं. कधी पहाटे, कधी दुपारी, आणि कधी आलंच नाही. निवेदनं देऊन झाली. मग बाईंनी जलकुंभासमोरच्या लिंबाखाली रोज सकाळी दोन तास बसायचं ठरवलं. माझ्या दुकानातून दोन मोठ्या सतरंज्या गेल्या. मंच नाही, माइक नाही, खुर्ची नाही. गुडघे दुखणाऱ्यांना उशी मिळायची. आणि सगळ्यात मोठा नियम हजेरीचा. शाळेत हजेरीच्या वहीला कॅटलॉग म्हणतात. तसला लांबडा कॅटलॉग घेऊन बाई बसायच्या आणि नवीन माणूस आला की त्याचं नाव लिहायच्या. नाव स्वतःचं हवं. "मी पिंटूची आई" म्हटलेलं चालायचं नाही. समोरच्या घरातल्या आजींना त्यांचं नाव सांगायला चांगला मिनिटभर वेळ लागला. मग हळूच म्हणाल्या, "मंदाकिनी." दुसऱ्या दिवशी बाईंनी खणखणीत आवाजात "मंदाकिनी देशमुख" म्हणून पुकारलं, तेव्हा आजी "हजर" म्हणताना चक्क लाजल्या. त्यांचे यजमान मागच्या रांगेत होते, ते म्हणाले की लग्नात उखाणा घेतला तेव्हाही ही एवढी लाजली नव्हती. कुणी गैरहजर राहिलं की संध्याकाळी बाई त्याच्या घरी. "आज का नव्हतात?" ताप असेल तर काढा सांगायच्या, कंटाळा आला असेल तर बसून ऐकून घ्यायच्या. बोलायचा हक्क प्रत्येकाला होता, पण तीन हजेऱ्या झाल्यावर. आधी बसा, मग बोला.

सतरा दिवस झाले. हजेरी चाळिसाच्या पुढे सरकेना. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्यातही गारखेड्याचं उस्मानपुरा झालेलं. बाई शांत. मी मात्र दुकानदार माणूस. गिऱ्हाईक दारावरून पुढे गेलेलं मला बघवत नाही. म्हणालो, "बाई, गर्दी नाही तर कोण विचारतं?" त्या म्हणाल्या, "चाळीस माणसं रोज येतात, रंगनाथराव. शाळेचा एक वर्ग चालतो तेवढ्यात." मला ते पटलं नाही. अठराव्या दिवशी, बाईंना न विचारता, मी दादांकडे गेलो. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "इतके दिवस कुठं होता तुम्ही? जनता माझी आहे, तिचं दुःख मलाच मांडू द्या." मी इतका फुलून गेलो की कुणाचं दुःख कोण मांडणार हे विचारायचं राहूनच गेलं.

एकोणिसाव्या दिवशी लिंबाखाली मंडप, भोंगे, दीडशे खुर्च्या, आणि त्या पुरणार नाहीत एवढी माणसं. बाई त्या दिवशी नेमक्या मनीषाबरोबर डोळे तपासायला गेल्या होत्या. हे मला माहीत होतं, आणि मी तोच दिवस निवडला होता. सतरंज्या कुणीतरी घडी करून मंचाखाली सरकवल्या. दादा बोलायला उभे राहिले. खरं सांगतो, चांगले बोलले. बायकांच्या डोक्यावरच्या घागरीबद्दल बोलले तेव्हा मंदाकिनीबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मग आवाज चढला. "पाणी धरणात आहे. पाणी टाकीत आहे. मग तुमच्या नळाला का नाही? मधे कोण बसलंय? व्हॉल्व्ह कुणाच्या हातात आहे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लाइनमनच्या!" दादांनी हात वर केला. पुढचं ते काही बोलले नाहीत, आणि बोलायची गरजही नव्हती. आधी घोषणा पाण्याच्या होत्या, त्या केव्हा दादांच्या नावाच्या झाल्या आणि केव्हा आम्ही आमच्या भागाचं पाणी सोडणारे लाइनमन यासीनभाई यांच्या घराकडे चालायला लागलो, मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी सगळ्यात पुढे होतो, आणि मला मजा येत होती. माझा साधा दुकानदाराचा आवाज, पण मागून हजार जण साथ देत होते, त्यामुळे तो चांगला भारदस्त वाटत होता. यासीनभाई रोज सायकलवर व्हॉल्व्हची लोखंडी चावी बांधून आमच्या गल्लीतून जायचे. वीस वर्षं त्यांना सलाम करत आलेला मी.

यासीनभाई कामावर होते. दारात त्यांची बायको शमीमभाभी आणि एक निळा ड्रम. आमच्या घरी आहे तसलाच. कुणीतरी म्हणालं, "बघा, यांच्या घरी पाणी!" आणि मी त्या ड्रमला लाथ मारली. ड्रम आडवा झाला, पाणी पायऱ्यांवरून रस्त्यावर आलं. भाभी ओरडल्या नाहीत. वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या... त्यांच्या घरालाही पाणी त्याच दिवशी येत होतं ज्या दिवशी आमच्या घराला यायचं, हे ध्यानात यायला मला तेवढंच बघावं लागलं. पण मागच्यांना ते दिसत नव्हतं. ते पुढे रेटत होते.

तेवढ्यात रिक्षा आली. मंदाकिनीबाईंनी फोन केला होता. बाई उतरल्या, डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे काळा चष्मा. मनीषाचा हात धरून पायरीवर चढल्या, पिशवीतून कॅटलॉग काढला आणि मनीषाला म्हणाल्या, "मला दिसत नाही, तू नाव सांग, मी पुकारते." आणि त्या गोंधळात हजेरी सुरू झाली. "आबासाहेब मुळे." गर्दीतून आपसूक आवाज आला, "हजर." "मंदाकिनी देशमुख." "हजर." आपल्याकडच्या माणसाला शाळेच्या आवाजात नाव पुकारलं की ओ दिल्याशिवाय राहवत नाही. आणि एकदा हजर म्हणून झालं की पुढे दगड उचलता येत नाही, कारण बाईंना कळलेलं असतं तुम्ही कोण आणि कुठे उभे आहात. ज्यांची नावं झाली ते सवयीनं खाली बसायला लागले, रस्त्यातच. माझं नाव आलं. बाईंनी तीनदा पुकारलं, तेव्हा कुठे "हजर" निघालं. दादा पुढे आले. "बाई, ही जनता आहे. जनतेचा राग आहे हा." बाई शांतपणे म्हणाल्या, "असू द्या की. नाव सांगा, लिहून घेते. आज पहिलाच दिवस ना तुमचा? मागच्या रांगेत बसा." कुणीतरी फिसकन हसलं. मग पाचजण हसले. आणि त्या हसण्यात ती गर्दी विरघळली म्हणा ना. नाव सांगायला फारसं कुणी थांबलं नाही. बाईंनी बसलेल्यांना एकच सांगितलं, "ज्याच्या घरी पाणी असंल त्यानं एकेक कळशी आणून हा ड्रम भरा." पाऊण तासात ड्रम भरला. कळशी घेऊन मीही गेलो, सगळ्यांच्या मधोमध, म्हणजे दिसणार नाही असा.

परतताना बाई मला म्हणाल्या, "रंगनाथराव, तुमची विजार गुडघ्यापर्यंत ओली आहे." डोळ्यांत औषध असून हे त्यांना बरोबर दिसलं होतं. त्या म्हणाल्या, "यासीनभाईंना जाऊन सांगा. कुणीतरी केलं असं राहायला नको. तुम्ही केलं." मी म्हणालो, "जातो, या आठवड्यात." तेव्हापासून दर पाण्याच्या दिवशी, बादल्या भरून झाल्या की त्यांचा फोन. "गेला होतात का?" आणि माझी कारणं. लग्नसराई आहे. कंबर धरली आहे. यासीनभाईंच्या दारात चार लोक बसलेले असतात, बरं दिसत नाही. बाईंनी कधी आवाज चढवला नाही. "बरं, पुढच्या पाण्याला," म्हणायच्या आणि मनीषाच्या धाकट्याचे मार्क सांगायला लागायच्या. यासीनभाईंची सायकल दिसली की मी दुकानाचं शटर तपासायला वाकायचो. त्या शटरची एवढी काळजी माझ्या वडिलांनीही घेतली नसेल.

पाण्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण त्यात बाईंचा खरा प्रामाणिकपणा आहे. दादांच्या गर्दीनंतर दोन दिवसांत महापालिकेचे मोठे अभियंते स्वतः लिंबाखाली आले. त्याआधी अठरा दिवसांत कुणी फिरकलं नव्हतं. मी जरा विजयी मुद्रेनं बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हो, गर्दीला घाबरून आले. हे मला आवडलेलं नाही, पण खरं आहे, आणि खरं असलं की लिहून ठेवावं." मग अभियंत्यांसमोर बसून आमच्या चाळीस जणांनी वेळापत्रक मागितलं. कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी किती वाजता, ते जलकुंभाच्या भिंतीवर रंगवून घेतलं, आणि ते पाळलं जातंय की नाही हे बाई रोज कॅटलॉगमध्ये टिपत राहिल्या. त्याला पुढे तीन महिने लागले आणि त्या तीन महिन्यांत दादा एकदाही आले नाहीत. पाणी आठवड्यावर परत आलं तेव्हा मात्र चौकात त्यांच्या आभाराचा भला मोठा फ्लेक्स लागला. मी संतापलो. बाईंनी तो उतरेपर्यंत वाट पाहिली आणि कार्यकर्त्याकडून मागून घेतला. गच्चीवर अंथरून त्यावर कुरडया घातल्या. मी म्हणालो, बाई, दादांच्या चेहऱ्यावर? "तोंड खाली करून अंथरलाय," त्या म्हणाल्या. "माणसाचा अपमान नको. कापड चांगलं आहे."

एकदा मी त्यांना विचारलं होतं की दादांचा तुम्हाला राग का येत नाही. बाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "ते लोकांचं दुखणं बरोबर ओळखतात. माझ्यापेक्षा लवकर ओळखतात. फक्त त्यांना लोक एकगठ्ठा लागतात. एकेकटे समोर आले की त्यांना काय करावं कळत नाही." मग शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवत, "आणि तुम्हालाही त्या दिवशी एकगठ्ठ्यातच बरं वाटत होतं. एकट्यानं त्या दारात जायची वेळ आली तर चार वर्षं लागतायत." हे त्या जायच्या साधारण महिनाभर आधीचं. मी शेंगा खात राहिलो.

तर शोकसभा. मनीषाला मी दादांचा निरोप सांगितला. ती म्हणाली, "काका, यावं की दादांनी. आईच्या घरात, सतरंजीवर." मी दादांच्या कार्यालयाला तसं कळवलं, आणि फोटो पाठवला नाही. मला वाटलं होतं दादा येणार नाहीत. ते आले. बाईंच्या पुढच्या खोलीत, तीसेक माणसांत, मांडी घालून बसले. मांडी नीट जमेना म्हणून मंदाकिनीबाईंनी उशी सरकवली. बोलायची वेळ आली तेव्हा ते दोनच वाक्यं बोलले. "माझ्या बहिणीला बाईंनी शिकवलंय. ती अजून नाव पुकारलं की दचकते." मंडप नसला की ते इतकं थोडं आणि इतकं चांगलं बोलतात हे मला पहिल्यांदाच कळलं.

मग माझी पाळी. मी घरून तयारी करून आलो होतो. त्यागमूर्ती वगैरे. उभा राहिलो आणि दाराजवळ यासीनभाई दिसले. निवृत्त झालेत आता, दाढी पांढरी. दादा समोर, यासीनभाई मागे, आणि बाईंचा फोन आता येणार नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी यासीनभाईंच्या दारातला ड्रम मी पाडला. दादांना बोलावून आणलंही मीच." आणि मी खाली बसलो. दादा गुडघ्याखालची सतरंजी नीट करत राहिले.

चहाच्या वेळी यासीनभाई माझ्याजवळ आले. "मालूम था हमकू," ते म्हणाले. "बाईनेच बताया था, उसीच शाम को. बोले, रंगनाथराव हैं. आते बोलके. तुम पूछना नक्को." ते हसले. "हर पानी के दिन फोन आता था बाई का. आए क्या रंगनाथराव? मैं बोलता, नहीं जी. बोलते, बरं, पुढच्या पाण्याला." म्हणजे दर आठवड्याला बाईंचे दोन फोन व्हायचे. एक मला, एक त्यांना. चार वर्षं... मला हसू आलं आणि तिथेच, चहाचा कप हातात धरून, रडूही आलं. लाज वाटली नाही. मी म्हणालो, "चला, आता तरी सांगून झालं." यासीनभाईंनी मान हलवली. "नहीं जी, इधर क्या सांगितलं. ये तो बाई का घर है. ड्रम तो घरवाली ने भरा था, उसने कहाँ सुना?"

म्हणून आम्ही दोघं तसेच चालत निघालो. संध्याकाळ होत होती. वाटेत ते गुडघ्यांबद्दल बोलले, मी कंबरेबद्दल. त्यांच्या पायऱ्या चढताना मागून रेटायला आज कुणी नव्हतं. शमीमभाभी ओढणी सारखी करत दारात आल्या. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "भाभी, ड्रम अर्धा होता तरी..." कारण चार वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलो होतो.

"पूरा भरा हुआ था," त्या म्हणाल्या. "ऊपर तक."

"हो," मी म्हणालो. "भरलेला होता. पायाला जड लागला होता."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या, आणि माझ्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आल्या.